वाजणारी पेटी

दुकानदाराने किल्ली फिरवली आणि पेटीच्या पोटात घंटा वाजली. फार मोठी नाही, पेल्याला चमचा लागावा एवढीच, पण स्वच्छ. त्याने किल्ली उलटी फिरवली, पुन्हा वाजली. थोरलीच्या हातातली मोजपट्टी गळून पडली आणि ती उचलायला ती वाकलीच नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मोजपट्टी तिच्या हातातून कधी पडलेली नव्हती. हे ठाऊक असल्यामुळे तिचा नवरा, जो आत्तापर्यंत एका टेबलाचे पाय हलवून बघत होता, टेबल सोडून तिच्याजवळ आला. "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही." मग दुकानदाराला म्हणाली, "पुन्हा एकदा वाजवा." त्याने वाजवली. तिने डोळे मिटून घेतले. पापण्यांच्या आत उन्हाचा एक पिवळा पट्टा होता, अंगात ताप होता, तोंडात औषधाची कडू गोळी विरघळत होती, आणि कुणीतरी ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे बघत होतं.

तिला थोरली म्हणतात. म्हणजे म्हणायचे, आता म्हणणारी एकच उरली आहे आणि ती फारशी बोलत नाही. कोटांच्या कारखान्यात ती कापड बेतते आणि कापते. हे काम करणाऱ्या पुरुषाला कटिंग मास्तर म्हणतात, बाईला काय म्हणायचं हे कुणी ठरवलेलं नसल्यामुळे तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात, आणि तिने आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलेलं नसूनही ती त्या हाकेला ओ देते. मागच्या महिन्यात ती आणि नवरा मोठं घर सोडून दोन खोल्यांच्या घरात आले. नवरा पाण्याची मीटरं तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेला, सरळ रेषेत विचार करणारा माणूस. त्याला भिंतभर कपाट हवं होतं, सरकत्या दारांचं, छतापर्यंत. "एक ढकललं की सगळं गायब," तो म्हणायचा. तिला मात्र खिडकीशेजारच्या कोपऱ्यात एक पेटी हवी होती. जुनी, झाकणाची. कोपरा तिने तीनदा मोजला होता. कपाटात काय आहे ते दार उघडणाऱ्या कुणालाही दिसतं. पेटीत बघायचं तर वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाच्या खांद्यावरून डोकावायला दुसऱ्याला जरा तरी लाज वाटते. एवढं तिला कळत होतं. पण नवऱ्याने "पेटीच का?" असं विचारलं तेव्हा तिला हे सांगता आलं नाही, आणि "मला हवी" एवढंच तिने सांगितलं. त्यानेही मान हलवली. तीस वर्षांच्या संसारात तिने "मला हवी" असं फार वेळा म्हटलेलं नव्हतं.

हा तिसरा रविवार आणि चौथं दुकान. तीन दुकानांतून ती रिकाम्या हाताने बाहेर पडली होती, आणि नवऱ्याच्या मते तिला पेटी नको होती, पेट्यांना नावं ठेवायला हवी होती. या दुकानदाराची मात्र एक तऱ्हा होती. आत आल्यावर त्याने किंमत, माप, लाकूड यांतलं काहीच विचारलं नाही. लोकरीच्या टोपीखालून बघत म्हणाला, "काय ठेवायचंय?" नवरा पटकन म्हणाला, "पांघरुणं." थोरली गप्प राहिली. दुकानदाराने तिच्या गप्प राहण्याचीच नोंद घेतल्यासारखं केलं आणि दोघांना आत नेलं. पहिली पेटी नव्याने रंगवलेली होती, म्हातारीने समारंभाला जाताना पावडर थापावी तशी. दुसरी कापराच्या वासाची, झाकण उघडताच नवरा तीनदा शिंकला आणि म्हणाला, "हिच्यात कपडे नको, पेशंट ठेवा." तिसरी पेटी नव्हतीच, खणांचं बुटकं कपाट होतं, आणि त्याचा खण अर्ध्यावर अडकला. "अडकतोय म्हणजे खरा आहे," दुकानदार म्हणाला. "लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हात आखडतं. नवा माल अडकत नाही, सरळ तुटतो. वरून काय, सगळ्याच वस्तू देखण्या असतात हो. हात खालून फिरवा. रंधा माणसाने मारलेला असला तर बोटांना लाटा लागतात." तिने खणाखाली हात घातला. लाटा लागल्या. माणूस तिला आवडून गेला. कापडही उलट्या बाजूनेच ओळखायचं असतं, हे ती स्वतः कारखान्यात नव्या मुलींना सांगत असे. म्हणजे काही अक्षरं तिने शिकवली होती म्हणायची.

चौथी पेटी भिंतीशी उलट्या खुर्च्यांच्या मागे होती. काळपट, ठेंगणी, लोखंडी पट्ट्यांची, समोर भल्यामोठ्या किल्लीचं भोक. दुकानदाराने खिशातून किल्ली काढली. लांब दांड्याची, टोकाला पोकळ, मुठीशी बदामाच्या पानासारखी. ती किल्ली थोरलीच्या ओळखीची निघाली, आणि कुठली ओळख ते आठवायच्या आत किल्ली फिरली होती.

"हिला वाजणारी पेटी म्हणतात," दुकानदार सांगत होता. "म्हणजे जुने लोक म्हणायचे. कुलपाच्या आत पोलादाची एक जीभ असते. किल्लीचा दात तिला छेडून जातो." नवऱ्याने विचारलं, "चोर कळावा म्हणून?" दुकानदार हसला. "चोर किल्ली घेऊन येतो होय? घरातल्यांसाठी असतं हे. पेटी एकीची, घर सगळ्यांचं. कुणी उघडली तर तिला कळावं." थोरलीने पेटीच्या कडेवर हात ठेवला. लाकूड गार होतं. तिला बसावंसं वाटलं म्हणून ती एका उलट्या खुर्चीच्या पायांना धरून उभी राहिली. पेटी एकीची, घर सगळ्यांचं. तीन खोल्या आणि सात माणसं. वडील, त्यांचा भाऊ आणि त्याची बायको, आत्या, आजोबा, आई, आणि ती. धाकटी अजून व्हायची होती. त्या घरात आईच्या मालकीची जागा म्हणजे मधल्या खोलीत भिंतीला लावलेली एक काळी पेटी, आणि तिच्यावरही दिवसा कुणी ना कुणी बसलेलं असायचं.

ती पाच वर्षांची असेल. ताप होता म्हणून शाळा नव्हती. दुपारी घर निजलेलं, आत्या तेवढी पुढच्या खोलीत विणत बसलेली. तेव्हा ती घंटा वाजली होती. तिने मान वळवली तर आई पेटीसमोर गुडघ्यांवर बसलेली, झाकण उघडलेलं, आणि आईचं डोकं पेटीच्या आत. खांद्यापर्यंत आत. हातांनी ती काही शोधत नव्हती. हात मांडीवर होते. किती वेळ गेला कोण जाणे. तापात वेळ मोजता येत नाही. मग पोरीने विचारलं, "आई, काय करतेस?" आईने डोकं बाहेर काढलं. केसांना जुन्या लाकडाचा वास लागला होता, तो पलंगापर्यंत आला. "काही नाही गं. जरा एकटी बसते." आणि ओठांवर बोट. एवढंच. त्या बोटात काही धाक नव्हता, उलट आईचे डोळे हसत होते. आपण दोघींनी मिळून काही चोरलंय असं ते हसणं होतं. पोरीला ते इतकं आवडलं की तिला ते मनात ठेववेना. संध्याकाळी ताप उतरला आणि ती आत्याच्या मांडीवर बसून म्हणाली, "आईची पेटी वाजते. आई पेटीत डोकं घालून बसते."

झालं. त्या दिवसापासून घराला खेळणं मिळालं. आई किल्ली घेऊन मधल्या खोलीत गेली की काका बाहेरून ओरडायचे, "वाजली रे वाजली!" आत्या म्हणायची, "वहिनी, आत खोली आहे का एखादी? आम्हालाही दाखवा." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळी हसरी माणसं होती, आणि हसऱ्या माणसांवर चिडताही येत नाही. आई पण हसायची. मग एक दिवस घंटा वाजेनाशी झाली. पुढे कधीतरी पेटीला बाहेरून कडी बसली, कडीला बाजारचं साधं कुलूप लागलं, आणि किल्लीच्या भोकावर पत्र्याची गोल चकती ठोकली गेली. थोरली मोठी होत गेली ती त्या मुक्या, चकतीवाल्या पेटीसमोर. तिला ते सगळं विसरायला फार काळ लागला नसेल. पाच वर्षांच्या पोरीला विसरायला लागतंच काय?

"हिचा आवाज बंद करायचा असला तर?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. दुकानदार म्हणाला, "सोपं आहे. भोकातून बोळा कोंबायचा. चिंधी, कापूस, लोकर. मग जीभ हलत नाही. पण मग किल्लीही पुरती फिरत नाही, म्हणून लोक वरून कडी मारतात. निम्म्या पेट्या माझ्याकडे अशाच मुक्या येतात. मी चिमट्याने बोळा काढतो, चार थेंब तेल सोडतो. पोलाद काही विसरत नाही." नवऱ्याने एव्हाना मोजपट्टी उचलून पेटी मोजली होती. "अगं, बसते! दोन बोटं जागा उरते. घेऊन टाक." तो खरोखर खूश झाला होता. "नको," थोरली म्हणाली. "आता काय वाईट आहे हिच्यात?" "काही नाही. ही माझी नाही." नवऱ्याने दुकानदाराकडे बघून, आता तुम्हीच काय ते समजा, असे हात केले. दुकानदार मात्र झाकण हळूच मिटत म्हणाला, "बाईंची दुसरी कुठेतरी आहे वाटतं."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. रस्ते, पाट्या, रविवारची बंद दुकानं सरकत होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर एक चिठ्ठी होती. बावीस वर्षांपूर्वीची, रुग्णालयातल्या औषधांच्या कागदामागे आईने पेन्सिलीने लिहिलेली. चारच ओळी. कपबशा दोघींत अर्ध्या. शिलाई मशीन शेजारणीला द्या, तिला लागतं. वाजणारी पेटी थोरलीला. बाकीचं भांडू नका. आई गेल्यावर दोघी बहिणींनी ती चिठ्ठी वाचली तेव्हा घरात दोन पेट्या होत्या. एक ती मधल्या खोलीतली लाकडी, जिच्यात रजया असत आणि जी कुणाला हवी आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. दुसरी गाण्याची पेटी, भात्याची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. धाकटीसाठी आईने स्वतः वेचून आणलेली. धाकटी सात वर्षांची असल्यापासून तिच्यावर सूर धरायची. घरातल्या प्रत्येक आवाजाला ती पेटीवरच्या पट्टीचं नाव द्यायची. किटली उकळली की पांढरी चार. लिफ्ट थांबली की काळी दोन. काका शिंकले की म्हणायची, "आज काका अर्ध्या सुराने उतरलेत." थोरलीला सूर आणि बेसूर यांतला फरक लोक तोंड वाकडं करतात त्यावरूनच कळायचा. आणि तरी चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं. वाजणारी पेटी. घरात वाजणारी पेटी एकच होती. मराठीत एका शब्दाला दोन वस्तू बांधलेल्या असतात आणि त्या शब्दावरून दोन बहिणींचं जन्मभराचं बिनसू शकतं, हे आईच्या ध्यानात आलं नसेल. किंवा आलंही असेल. म्हणूनच तिने 'वाजणारी' हा शब्द आधी घातला होता. तो शब्द ओळखणारं जगात एकच माणूस उरलं होतं. थोरलीने बसच्या गार काचेला कपाळ टेकवलं.

त्या दिवशी धाकटीने चिठ्ठी दोनदा वाचली होती. मग विचारलं होतं, "तुला सा कुठे असतो ते तरी माहीत आहे का गं?" थोरलीला तेव्हा पेटी नकोच होती. एक शब्द बोलली असती, घे गं तू, तर तिथेच संपलं असतं. पण चिठ्ठीत 'थोरलीला' असं लिहिलेलं होतं. आईच्या हातचं. गाणारी धाकटी, आईची लाडकी धाकटी, पाहुण्यांसमोर उभी केली जाणारी धाकटी. आणि थोरली म्हणजे जिला हाक मारली की पाणी येतं ती. सगळ्या आयुष्यात एकदाच आईने काहीतरी फक्त तिचं म्हणून लिहिलं होतं. ते हातचं जाऊ द्यायचं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली होती, "आईने लिहिलंय." धाकटीने चिठ्ठी घडी करून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "हो. लिहिलंय खरं." लाकडी पेटी धाकटीच्या वाट्याला गेली, उरलेली वस्तू म्हणून. त्यानंतर दोघी भांडल्या नाहीत. आजारपणात भेटल्या, लग्नाकार्यात शेजारी बसल्या, मुलांच्या परीक्षांची चौकशी केली. पण धाकटीने दुसरी पेटी कधी घेतली नाही. शाळेत गाणं शिकवायची ती टाळ्यांवर, आणि कुणी विचारलं तर सांगायची, "गळ्याला कशाला लागते पेटी?" थोरलीकडे ती गाण्याची पेटी कपाटावर पडून होती. वर्षातून एकदा ती तिची धूळ पुसायची. हलवली की तिचा एक सूर आपोआप कण्हायचा, आणि थोरली पटकन तिला परत ठेवून द्यायची.

आणि किल्ली. ती कुठली ते तिला बसमधून उतरताना आठवलं, आणि ती फुटपाथवर उभीच राहिली. आईच्या जुडग्यातल्या किल्ल्या वाटून घेताना तिने ती लांब दांड्याची उचलली होती, कारण ती जड होती. कापडावर कागदी साचा हलू नये म्हणून वर वजनं ठेवावी लागतात. बावीस वर्षं ती किल्ली कोटांच्या पाठींवर, बाह्यांवर, गळपट्ट्यांवर निजली होती. हजारो अनोळखी माणसांचे कोट आईच्या किल्लीखालून कापले गेले होते.

सोमवारी ती कामावर गेली तेव्हा किल्ली टेबलावरच होती, एका डाव्या बाहीच्या साच्यावर. तिने ती उचलली. कागदाची कड वळून वर आली. तिने मूठ मिटली. वाटत होतं ते साधं होतं आणि दोन बाजूंनी एकदम येत होतं. एक आनंद होता, ओरडून सांगावा असा: आईने तिला खरंच काहीतरी दिलं होतं, चुकून नाही, उरलेलं म्हणून नाही, आपल्या एकटीची जागाच दिली होती, आणि जिने ती जागा चव्हाट्यावर मांडली त्याच पोरीला दिली होती. आणि त्या आनंदाच्या पोटातच भीती होती. तिने धाकटीची पेटी बावीस वर्षं अडवून ठेवली होती. शिवाय ती दुसरी पेटी धाकटीकडे अजून असेल का? आठ वर्षांपूर्वी शेवटची पाहिली होती. उरलेली वस्तू कोण सांभाळतं? तिने घरी फोन केला.

"अहो, कपाटावरची पेटी खाली काढाल का?"

"कुणाला द्यायची आहे?"

"जिची आहे तिला."

मग नवरा म्हणाला, "बरं. पुसून ठेवतो." त्याने कारण विचारलं नाही. तिला त्याच्याबद्दल एकदम फार माया वाटली. नेमक्या वेळी गप्प बसणारा माणूस मिळणं ही काही थोडकी गोष्ट नाही, असं तिच्या मनात आलं. तिने साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, शिवण उसवायचा बारीक चिमटा आणि मशीनच्या तेलाची कुपी पिशवीत टाकली, आणि तासाभरात दोघं टॅक्सीत होती, मध्ये पेटी. खड्डा आला की पेटी कण्हायची. ड्रायव्हरने दोनदा मागे वळून बघितलं. धाकटीच्या इमारतीखाली नवऱ्याने पेटी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवून दिली आणि दारापाशी ठेवून तो परत फिरला. "मी खाली थांबतो. तुम्हा दोघींच्या मध्ये मी मापात बसत नाही."

दार धाकटीने उघडलं. शाळेतून नुकतीच आलेली, केस पांढरे, चष्मा डोक्यावर. तिने आधी बहिणीला पाहिलं, मग खाली.

"हे काय?"

"तुझी आहे."

"माझी कशी? आईने लिहिलंय ना?" बावीस वर्षं जपून ठेवलेलं ते वाक्य तिने अगदी हळू, जवळजवळ सभ्यपणे परत केलं.

"आईने नीट लिहिलं होतं," थोरली म्हणाली. "मी नीट वाचलं नाही."

आणि मग तिला धाकटीच्या मागे ती दिसली. बाहेरच्या खोलीच्या बाजूला एक लहानशी खोली होती, तिच्यात भिंतीला लागून. काळी, ठेंगणी. वर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि एक छत्री. चकती तिथेच होती. थोरली सरळ आत जाऊन पेटीपुढे जमिनीवर बसली. धाकटी म्हणाली, "अगं, पायातले तरी काढ."

तिने बसल्या बसल्या सगळं सांगितलं. ताप, घंटा, आईचं डोकं, ओठांवरचं बोट. आत्याच्या मांडीवर बसून जे बोलली तेही सांगितलं. सांगता सांगता तिने चिमट्याने चकतीचे सैल झालेले चार खिळे उपसले. भोकातून बोळा निघाला. लोकरीचा होता, हिरव्या. तो ओढत गेला तशी लोकर लांबत गेली, वाकडीतिकडी, कधीकाळी विणलेली असल्याच्या आठवणीने कुरळी. त्या घरात विणणारी एकच होती. आत्याच्याच कुठल्यातरी उसवलेल्या मोज्याने आईने आपली पेटी मुकी केली होती. थोरलीला हसू आलं आणि डोळेही भरले. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मी तुझ्यावर नाही रागावले कधी."

"मग?"

"आईवर रागावले. बावीस वर्षं." ती खिडकीकडे बघत होती. "मला वाटायचं, तिला माझं गाणं आवडत नव्हतं शेवटी. आणि हे विचारायला ती नव्हती."

पेटी अडवून ठेवल्याचं ओझं थोरलीने टॅक्सीतून आणलं होतं. हे त्याहून फार मोठं होतं आणि ते परत करायला तिच्याकडे काही नव्हतं. माफी मागायची तर कशी मागायची, कुठल्या मापाची मागायची? तिने तेलाचे चार थेंब भोकात सोडले. दुकानदाराचे शब्द मनात होते, पण तिचा त्यांवर विश्वास नव्हता. त्रेपन्न वर्षं. तिने किल्ली घातली. ती आत बसली, जणू काल काढली होती. फिरवताना एकदा अडली.

घंटा वाजली.

"काळी तीन," धाकटी म्हणाली. तोंड अजून खिडकीकडे होतं. सवयीने, लहानपणी किटलीसाठी म्हणायची तसं, विचार न करता. आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. "थांब. पुन्हा वाजव." थोरलीने किल्ली उलटी फिरवली. "काळी तीन. थोरले, आई कामं करताना गुणगुणायची ना, ती ह्याच सुरावर. मला लहानपणापासून कोडं होतं, हिला सा देतं कोण." ती खाली बसली, बहिणीच्या जरा मागे, आणि तिथेच जमिनीवर बसून आवाज न करता रडली. थोरलीने मागे हात नेला. तो हात धाकटीने धरला नाही, पण झिडकारलाही नाही. तिच्या बोटांजवळ बोटं ठेवून ती बसली. दिवेलागणीला अजून अवकाश होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि कुणीच तिची पट्टी सांगितली नाही.

मग दोघींनी मिळून छत्री आणि वर्तमानपत्रं खाली काढली, बाजारचं कुलूप काढलं, कडी मागे टाकली. झाकण जड होतं, ते दोघींनी उचललं. आत रजया होत्या, जुन्या, धाकटीने कधी न हलवलेल्या. एकेक करून त्या बाहेर आल्या. रजयांखाली काही नव्हतं. पत्र नाही, दागिना नाही. थोरलीने चारी कोपऱ्यांत हात फिरवला, तळाच्या लाटा बोटांना लागल्या. चोरकप्पासुद्धा नव्हता. "काहीच नाही गं," धाकटी जराशी निराश होऊन म्हणाली. "रिकामीच आहे. आता नेशील तेव्हा काय ठेवणार तू हिच्यात?"

थोरली गुडघ्यांवर सरकली, हात मांडीवर ठेवले आणि डोकं पेटीत घातलं. आत अंधार होता, पण काळा नव्हे, तपकिरी, ऊबदार. जुन्या लाकडाचा तोच वास होता. बाहेरचा रस्ता आत येताना फार लांबचा होऊन येत होता. स्वतःचा श्वास तिला ऐकू आला, आणि तो ऐकता ऐकता, आई तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल, आपल्या मुलीपेक्षाही लहान, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा लक्षात आलं.

"काय करतेस?" मागून धाकटीने विचारलं.

"काही नाही," पेटीतून आवाज आला. "जरा एकटी बसते."

मग धाकटीने दारापाशी ठेवलेली गाण्याची पेटी दोन्ही हातांनी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. नेताना ती कण्हली. परत येऊन तिने दाराची मूठ धरली.

"बस तू," ती म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही." आणि तिने दार ओढून घेतलं.